डिमेन्शिया झालेल्या आईला केअर सेंटरमध्ये खुर्चीला बांधतात, हे चालतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७६ वर्षांची, अल्झायमर, पुण्यातल्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलंय. लेक ठाण्याहून न सांगता भेटायला गेली तर आई ओढणीने खुर्चीला बांधलेली. मॅनेजर म्हणाले "पडतात हो, त्यांच्याच सेफ्टीसाठी". दादाचं म्हणणं, आईला आता काही कळत नाही, उगाच भांडण काढू नकोस, त्यांनी काढून टाकलं तर नेणार कुठे. तर हे चालतं का, आणि या अवस्थेत आईला काही हक्क उरतात का?

उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते. मी नर्सिंगमधली, बरीच वर्षं डिमेन्शिया वॉर्डची इनचार्ज होते, आता सेंटरच्या स्टाफला ट्रेनिंग देते आणि घरच्यांशीही बोलत असते, त्यामुळे मॅनेजर काय विचार करतो तेही माहितीये आणि तुमच्या पोटात काय होत असेल तेही.

सरळ उत्तर: नाही चालत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये, त्याचं कलम ९७ काढून बघा. शरीराला बांधून ठेवणं फक्त तेव्हाच, जेव्हा आत्ता या घडीला तिला किंवा दुसऱ्या कोणाला इजा होणार आहे आणि ती टाळायला दुसरा कुठलाच मार्ग नाहीये. ते सुद्धा तिथल्या सायकिॲट्रिस्टच्या परवानगीने, गरजेपुरत्या वेळासाठी, कशाने बांधलं, का बांधलं, किती वेळ बांधलं हे लगेच केसपेपरवर लिहून, आणि पेशंटच्या नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हला, म्हणजे उपचाराबाबत तिच्या बाजूने बोलायला नेमलेल्या माणसाला, २४ तासांच्या आत कळवून. शिक्षा म्हणून बांधायचं नाही. आणि एक गोष्ट कायद्यात अगदी स्पष्ट लिहिलीये, ती मॅनेजरना वाचूनच दाखवा: स्टाफ कमी आहे एवढ्या कारणावरून बांधता येणार नाही.

आता ते म्हणतील "अहो मॅडम तो कायदा मेंटल हॉस्पिटलसाठी, आमच्याकडे सिनियर सिटिझन असतात". हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय! कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, मूड यांच्याबरोबर भान आणि स्मरणशक्ती यातला मोठा बिघाडही धरलेला आहे, त्यामुळे डिमेन्शिया त्यात येतो. मात्र एक अडचण खरी आहे आणि ती तुमच्यापासून लपवत नाही. बरीच सेंटर्स मेंटल हेल्थ एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे या कायद्याखालची मानसिक आरोग्य संस्था, म्हणून रजिस्टर केलेलीच नसतात, वृद्धाश्रम म्हणून ट्रस्टखाली नाहीतर नुसत्या दुकान परवान्यावर चालतात, आणि मग तपासणी कोणी करायची यावरच टोलवाटोलवी होते. म्हणून पहिलं काम, रजिस्ट्रेशनचा कागद मागा, कुठल्या कायद्याखाली ते बघा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पण रजिस्ट्रेशन काहीही असो, एखाद्या माणसाला बेकायदा अडवून किंवा डांबून ठेवणं भारतीय न्याय संहितेत गुन्हाच आहे, वय झालं किंवा विसरायला लागलं म्हणून त्यातून कोणी वगळलेलं नाही. असहाय माणसाची देखभाल करायचा करार करून ती मुद्दाम न करणं हाही वेगळा गुन्हा आहे, हे तर वकिलांनाही पटकन आठवत नाही.

कायदा झाला. पण नुसता कायदा घेऊन गेलात तर ओढणी सुटेल आणि दुसऱ्या दिवशी गोळी वाढेल, म्हणून पुढचं वाचा.

"पडतात" हे खोटं नाहीये. डिमेन्शियात चाल बिघडते, अंतराचा अंदाज जातो, उठल्यावर बीपी खाली येतं, त्यात झोपेची गोळी. आणि खुब्याचं हाड मोडलं की नातेवाईक सेंटरवर चढून येतात, व्हॉट्सअॅपवर बदनामी करतात, पैसे मागतात. बांधून ठेवलं म्हणून भांडायला मात्र सहसा कोणी येत नाही. मॅनेजरच्या डोक्यातला हिशोब एवढा साधा आहे, त्यात क्रूरपणा वगैरे शोधायला जाऊ नका, बहुतेक ठिकाणी नसतो. मला वर्षानुवर्षं जे दिसलंय ते हे, की या लोकांचे हक्क जातात ते दुसऱ्याच्या सोयीपायी, मारझोड होणारी ठिकाणं त्या मानाने कमी. म्हणून सेंटरमधल्या कुठल्याही गोष्टीबद्दल शंका आली तर एकच विचारायचं, हे आईच्या सोयीचं आहे का ड्युटीवरच्या माणसाच्या.

बांधल्याने पडून होणाऱ्या इजा कमी होतात असं संशोधनात दिसलेलं नाही, उलट जिथे बांधणं मुद्दाम कमी केलं तिथे पडणं काही वाढलं नाही. कारण सोपं आहे. बसवून ठेवलं की पायातली ताकद भराभर जाते, माकडहाडाशी बेडसोर होतो, पोट साफ होत नाही, माणूस चिडतो, सुटायच्या धडपडीत ओढणी वर सरकून गळ्याशी येते आणि त्यात जीव गेल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. मग कधीतरी सोडलं की पाय लटपटतात, आजी पडतात, आणि स्टाफ म्हणतो बघा, म्हणूनच बांधतो आम्ही.

आणि बांधणं म्हणजे फक्त ओढणी असं समजू नका. उठताच येणार नाही असा खोल सोफा, पुढे ट्रे अडकवलेली खुर्ची, व्हीलचेअरचा बेल्ट मागून लावलेला, दोन्ही बाजूचे कठडे वर केलेला बेड (त्यावरून चढायला गेलं तर दुप्पट उंचीवरून आदळतात), वॉकर कपाटावर ठेवून देणं, चष्मा "हरवतो म्हणून" ड्रॉवरमध्ये. हे सगळं तेच आहे. पुढच्या वेळी गेलात की यातलं काय काय दिसतं ते शांतपणे बघा.

एक उदाहरण देते, कारण त्याशिवाय मुद्दा लक्षात येत नाही. आमच्याकडे एक आजी होत्या, गावाकडच्या, जन्मभर लुगडं नेसलेल्या. सेंटरमध्ये आल्यावर धुवायला बरं म्हणून त्यांना सलवार-कुर्ता चढवला. दुपारचा चहा झाला की थोड्या वेळाने त्या उठायच्या, भिंत धरून कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि पोटाशी हात घालून काहीतरी ओढत उभ्या राहायच्या, कोणी जवळ गेलं की फटका. रजिस्टरमध्ये रोज एकच ओळ, "पेशंट अस्वस्थ, कपडे काढते". मग कपडे ओले व्हायला लागले म्हणून डायपर आला, डायपर फाडायला लागल्या म्हणून हात बांधायची परवानगी मागायला स्टाफ माझ्याकडे आला. तिथल्या एक मावशी, शिक्षण जेमतेम सातवी, त्या म्हणाल्या "सिस्टर, थांबा जरा, मी बसते त्यांच्यापाशी". दोन दुपारी बसल्या आणि सांगायला आल्या, त्यांना नाडीची गाठ सुटत नाहीये. बस, एवढंच होतं. लुगडं वर घेऊन बसायची सवय, ती गाठ त्या बोटांच्या ओळखीचीच नव्हती. त्यात बाथरूममध्ये पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड आणि डोळ्यात मोतीबिंदू, म्हणजे तिथपर्यंत पोचल्या तरी बसायचं कुठे ते दिसत नव्हतं. इलॅस्टिकचे परकर शिवून घेतले, कमोडला गडद निळी सीट लावली, बाथरूमचं दार उघडं आणि दिवा दिवसरात्र चालू. चहानंतर मावशी हात धरून न्यायच्या. दिवसाचा डायपर सुटला, फटके मारणं तर आठवडाभरातच थांबलं.

तुमची आई उठते ती कशासाठी उठते, हे त्या सेंटरमध्ये कोणी विचारलंय का? लघवी, दुखणं, भूक, उकाडा, कंटाळा, "मुलं शाळेतून यायची वेळ झाली", नाहीतर शेजारचा टीव्ही. यातलं काहीतरी असतंच. वेळ लिहून ठेवायला सांगा, किती वाजता उठते, त्याआधी काय झालं होतं. संध्याकाळी चार ते सातच्या दरम्यान बऱ्याच जणांचा जीव घाबरा होतो, नेमकी तेव्हाच सेंटरमध्ये ड्युटी बदलत असते आणि माणसं कमी असतात. दुखण्याचं तर विशेष सांगते, गुडघा, दाढ, बद्धकोष्ठ, लघवीचं इन्फेक्शन, हे ती तोंडाने सांगणार नाही, वागण्यातून सांगेल, आणि वागणं अचानक बदललं असेल तर आधी शरीर तपासायचं, सायकिॲट्रिस्ट नंतर.

आता दादाचा मुद्दा. "तिला काही कळत नाही."

कळणं म्हणजे विजेचं बटण नव्हे की एक दिवस बंद झालं. त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ४ मध्ये असं आहे की स्वतःच्या उपचाराबद्दल ठरवायची क्षमता प्रत्येकाला आहे असंच धरून चालायचं, माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम लक्षात येतात का, बोलून, खुणेने, कसंही सांगता येतं का एवढं बघायचं. आणि माहितीसुद्धा तिला समजेल अशा भाषेत, खुणा करून, चित्रं दाखवून द्यायची, ही जबाबदारी आपली. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारावर शिक्कामोर्तब केलं, त्याचाही गाभा हाच आहे, निर्णय काढून घेऊ नका, निर्णय घ्यायला मदत करा.

व्यवहारात याचा अर्थ काय, तर निर्णयागणिक वेगळं बघायचं. तुमची आई फ्लॅट विकायचा का हे ठरवू शकणार नाही कदाचित, पण चहात साखर हवी का, आज हिरवी साडी का निळी, आंघोळ आत्ता का जेवल्यावर, या बाईच्या हातून जेवायचं का नाही, हे ती ठरवू शकते आणि ठरवतेच, तोंड मिटून घेते ना, तो तिचा निर्णय असतो. सकाळी ज्या गोष्टी जमतात त्या संध्याकाळी जमत नाहीत, म्हणून महत्त्वाचं काही विचारायचं तर सकाळी, चष्मा आणि कानाचं मशीन लावून, टीव्ही बंद करून. निम्म्या वेळा "काही कळत नाही" म्हणजे मशीनचा सेल संपलेला असतो, खरंच.

आणि समजा खरोखर काहीच कळेनासं झालं, शेवटच्या टप्प्यात होतंही तसं. तरी बांधलेलं कळतं, खसकन ओढलेलं कळतं, कोण प्रेमाने बोलतंय हे कळतं. घटना विसरली तरी तिची भीती अंगात राहते, म्हणून तर ठराविक अटेंडंट आली की आजी आक्रसून घेतात, का ते त्यांना सांगता येत नाही. आणि क्षणभर धरू की तेही कळत नाही, तरी हक्क कमी होत नाहीत. तान्ह्या बाळाला काही कळत नाही म्हणून आपण त्याला बांधून ठेवतो का? (पण लगेच सांगते, याचा अर्थ आईशी बाळासारखं बोलायचा नाही. "आमची बबडी जेवली का गं" हे सत्तरीतल्या बाईला बोललेलं मी ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी बंद करते. ज्या शाळेत शिकवायच्या त्यांना बाई म्हणा, जे गुरुजी होते त्यांना गुरुजी. अरे-तुरे त्यांच्या घरचे करतील.)

गोळ्यांकडे येते, कारण ओढणीपेक्षा हे जास्त चालतं आणि दिसत नाही. आईची फाईल मागा आणि क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल यातलं काही चालू आहे का बघा. ही भास, भ्रम यांवरची मनोविकाराची औषधं. ती वाईट आहेत असं मी म्हणत नाही, खूप भास होत असतील, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला जखमी करत असेल तर थोड्या दिवसांसाठी लागतात. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यातल्या नव्या औषधांवर २००५ मध्येच सगळ्यात कडक इशारा छापायला लावला (हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांवर २००८ मध्ये), १७ चाचण्या एकत्र बघितल्यावर डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचं प्रमाण औषध नसलेल्या नकली गोळीच्या तुलनेत १.६ ते १.७ पट निघालं होतं. ब्रिटनमध्ये २००९ च्या सरकारी अहवालात अंदाज होता की तिथे १ लाख ८० हजार डिमेन्शियाच्या लोकांना ही औषधं दिली जातात आणि त्यापायी वर्षाला १८०० जास्तीचे मृत्यू होतात. आपल्याकडे गोळी कोणी, कधी, कशासाठी सुरू केली हेच बऱ्याचदा फाईलमध्ये सापडत नाही, आधीच्या हॉस्पिटलने डिस्चार्जला लिहून दिली आणि तीच चालू आहे. लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियात तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने माणूस एकदम कडक होऊन पडतो, जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न साधे आहेत, कशासाठी चालू आहे, त्याआधी औषधाशिवाय काय करून पाहिलं, परत कधी बघणार आणि कमी कधी करणार. स्वतःहून एकदम बंद करू नका हं, ते डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचं. आणि गोळी शिऱ्यात कुस्करून गुपचूप देतात का तेही विचारा. तसं द्यायची वेळ कधीकधी येते, पण ते डॉक्टरांनी, घरच्यांना सांगून, लिहून ठरवलेलं असावं, रात्रपाळीच्या मुलीने परस्पर नाही. शिवाय काही गोळ्या कुस्करायच्या नसतातच.

बाकी सेंटरमधल्या रोजच्या गोष्टी. पहाटे साडेचारला आंघोळी, कारण सकाळची ड्युटी यायच्या आत आटपायच्या असतात. बायकांना पुरुष अटेंडंटने धुणं. दार उघडं ठेवून डायपर बदलणं. उवा नकोत, विंचरायला वेळ नको म्हणून बायकांचे केस बारीक कापून टाकणं, घरच्यांना न विचारता, आणि जिने साठ वर्षं अंबाडा घातला ती आरशात बघून "ही कोण" विचारते, तर ते आजाराच्या खात्यात. शाकाहारी बाईला रविवारी रस्सा. कुंकू, जपमाळ, नमाज, प्रार्थना, ज्याचं जे असेल ते "आता त्यांना कुठे आठवतंय" म्हणून बंद. आणि हल्ली नवीन, वाढदिवसाला टोपी घालून केलेले रील्स! त्या आजोबांनी आयुष्यात कोणासमोर टोपी घालून नाचले नसते, आता त्यांचा व्हिडिओ सेंटरच्या इन्स्टाग्रामवर, लाईक येतायत. ॲडमिशन फॉर्मच्या कुठल्यातरी पानावर फोटोच्या परवानगीवर तुमच्या दादाने सही केलेली असणार, बघून घ्या आणि लेखी मागे घ्या. आंघोळीला "नको" म्हटलं तर ते नको असतं, वीस मिनिटांनी दुसऱ्या कोणीतरी जाऊन विचारायचं, टॉवेल खांद्यावर ठेवून, अंग एकेक भाग धुवायचं, आणि एखाद दिवस नाही झाली आंघोळ तर काही बिघडत नाही. कोकणात, देशावर, कुठेही आपल्याकडे आंघोळीशिवाय दिवस म्हणजे फार मोठं काहीतरी, त्यामुळे घरच्यांचाच आग्रह असतो आणि त्या आग्रहापायी दोघी मिळून एका म्हातारीला धरून पाणी ओततात. हे मात्र स्टाफवर ढकलू नका.

वडील कुठेत असं आई विचारत असेल आणि ते वारले असतील तर काय सांगायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये पण येईलच. माझं मत, दरवेळी "ते गेले" सांगून तिला नव्याने विधवा करायचं नाही, आणि "येतायत पाच मिनिटात" हेही नाही, ती दारात बसून राहते. "आठवण येतेय का त्यांची? काय आवडायचं त्यांना जेवायला?" असं तिच्या मनातल्या गोष्टीकडे जायचं. माझ्याच क्षेत्रातले काही जण सर्रास थापा मारायला सांगतात, मला ते पटत नाही.

पैशाचं थोडक्यात पण नीट ऐका, कारण भावाबहिणीत इथेच फाटतं. आपल्याकडे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी, देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की कायद्याने संपतं, करार कायद्याचं कलम २०१. म्हणजे दादाकडे आईचं जुनं मुखत्यारपत्र असेल आणि त्यावर तो आता व्यवहार करत असेल तर ते कच्चं आहे. आईचं एटीएम कार्ड वापरून सेंटरची फी भरणं हे घरोघरी चालतं, पण हिशोब लिहून ठेवा, दोघांना दिसेल असा. मोठं काही करायचं असेल, फ्लॅट वगैरे, तर हायकोर्टात पालक नेमून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो, तो लोक करतात आणि कोर्ट नेमतंही. आई आजारी असताना अंगठा घेऊन बक्षीसपत्र करून ठेवणं, हे कोणी सुचवलं तर त्याच्याकडे बघायचंही नाही.

आणि मतदान. मतदार यादीतून नाव जातं ते सक्षम न्यायालयाने मनोरुग्ण जाहीर केलं तरच, डॉक्टरांनी अल्झायमर लिहिलं म्हणून नाही. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्या लोकांना घरून मत द्यायची सोय होती. सेंटरमधल्या किती जणांना कोणी विचारलं असेल, जाऊ दे.

आता तुम्ही करायचं काय.

आई थोडंफार बोलत असेल, माणसं ओळखत असेल, तर तिच्याकडून नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह नेमून घ्या. स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावर तिची सही किंवा अंगठा, मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १४. "माझ्या उपचाराच्या वेळी माझ्या बाजूने कोणी बोलायचं" एवढंच तिला समजावून विचारायचं, सकाळच्या वेळी, आणि ती दादाचं नाव घेईल तर दादाचं, तुमचं नाही. तिने कोणाला नेमलेलंच नसेल तर कायद्याच्या क्रमाने ते काम नातेवाईकाकडे येतं. शेवटच्या काळात नाकात नळी, व्हेंटिलेटर हे नको असं तिने पूर्वी कधी बोलून दाखवलं असेल तर ते आत्ताच कागदावर उतरवून ठेवा, तारीख, कोणासमोर बोलली ते लिहून. त्याला लिव्हिंग विलचं, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे माणसाने स्वतः आधीच लिहून ठेवलेल्या कागदाचं, वजन येणार नाही पण डॉक्टरांना दिशा मिळते. तुमचं स्वतःचं लिव्हिंग विल मात्र करून टाका, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बास.

मॅनेजरशी बोलताना आवाज चढवू नका, आणि मधल्या माणसाला नाही, जो ठरवतो त्यालाच भेटा. "तुम्ही बांधलंत" ने सुरुवात केली की ते बचावात जातात. "आईला न बांधता कसं ठेवता येईल ते आपण ठरवू" अशी करा. मागण्या ठोस असू देत: उठण्याच्या वेळा आठवडाभर लिहून काढणं, बेड खाली, पायात घसरणार नाहीत अशा मागे पट्टा असलेल्या चपला, रात्री बाथरूमपर्यंत दिवा, चहा-जेवणानंतर बाथरूमला नेणं, संध्याकाळी एक माणूस जास्त, झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार. मग तुम्ही एका गोष्टीची जबाबदारी घ्या आणि ती लेखी द्या, की यानंतर आई पडली तर आम्ही ते समजून घेऊ, तुम्ही नीट काळजी घेतलेली असेल तर भांडायला येणार नाही. माझा अनुभव, या एका कागदावर मॅनेजरचा चेहरा बदलतो. थोडं पडण्याचा धोका पत्करून चालत राहणं हासुद्धा आईचा हक्क आहे आणि तो घरच्यांनी सही केल्याशिवाय तिला मिळत नाही, हे विचित्र आहे पण आहे. हे सगळं ईमेलवर पाठवून ठेवा.

स्टाफबद्दल एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या मावशी-मामा बारा बारा तास उभे असतात, बऱ्याच ठिकाणी सुट्टी घेतली की पगार कापला जातो, एजन्सी आपला वाटा काढून घेते, रात्री एका मजल्याला एकच माणूस. त्यांना कोणी "डिमेन्शिया म्हणजे काय" हे अर्धा दिवससुद्धा शिकवलेलं नसतं. रात्री किती पेशंटमागे किती माणसं हे विचारा, आणि उत्तर "ॲडजस्ट होतं" असं आलं तर समजून जा. ज्या मावशी आईला नीट बघतात त्यांचं नाव घेऊन मॅनेजरसमोर कौतुक करा, ते पाकिटापेक्षा जास्त पोचतं.

जाताना वेळ बदलून जा, जेवणाच्या वेळी, संध्याकाळी, रविवारी. मनगटं, टाचा, माकडहाड बघा, ओठ कोरडे आहेत का, वजनाचा चार्ट आहे का. आईसमोर तिच्याबद्दल बोलू नका, बाहेर जाऊन बोला.

ऐकलंच नाही तर, लेखी तक्रार सेंटरला, मग मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, रजिस्टर नसेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, तिथे फोन करून नोंद करा, पुढे कामाला येते. टेलि-मानस १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर तुम्ही स्वतःसाठी बोला, तुम्हालाही गरज असणारच. जखमा असतील, उपाशी ठेवलं असेल, तर थेट पोलीस आणि सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी, मॅनेजरची वाट बघायची नाही.

"काढून टाकलं तर" ही दादाची भीती खोटी म्हणू शकत नाही. देशात साठीवरच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे आणि त्या मानाने चांगली सेंटर्स बोटावर मोजण्याइतकी. म्हणून आधी दुसरी दोन ठिकाणं बघून ठेवा, वेटिंगला नाव घाला, मग बोला. ॲडमिशनच्या करारात नोटीस किती दिवसांची आहे बघा. आणि घरी आणायचा विचार आला तर तोही डोळे उघडे ठेवून, घरीसुद्धा लोक बाहेरून कडी लावून ऑफिसला जातात, ब्युरोची बाई घरीसुद्धा बांधते. घरी जमतं ते शेजार, नातेवाईक आणि कोणीतरी शिकवणारं असेल तर. गोव्यात दोन तालुक्यांत साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्या डिमेन्शियाच्या लोकांच्या घरी पाठवून बघितलं होतं, २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, घरच्यांचा ताण खरोखर कमी झाला. तसं काही तुमच्या भागात मिळतंय का, ज्येष्ठ नागरिक संघात विचारा.

सेंटरला किती दिवस द्यायचे? ओढणी त्याच दिवशी सुटली पाहिजे, त्याला मुदत नाही. बाकी बदलांना तीन-चार आठवडे द्या, लागतात तेवढे. त्या काळात उठण्याच्या वेळांची वही खरंच भरली जातेय असं दिसलं, अगदी वेड्यावाकड्या अक्षरात का होईना, तर त्या सेंटरमध्ये राहू द्या, ते शिकतायत. वही कोरी आणि आई दिवसभर झोपलेली दिसायला लागली, तर त्याच दिवशी गोळ्यांची फाईल मागा आणि वेटिंगवाल्या ठिकाणी फोन लावा.